फ्रिट्झ पोलार्ड: पहिला कोच १९२१ मध्ये, दुसरा थेट १९८९ मध्ये

आजचा एपिसोड एका सोप्या क्विझनं सुरू करू. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग. तिच्यात पहिला ब्लॅक हेड कोच कधी झाला? उत्तर आहे १९२१. आणि दुसरा? १९८९! मधे ६८ वर्षं. या ६८ वर्षांत नक्की काय झालं, हीच आजची गोष्ट.

आधी खेळाचं दोन मिनिटांत. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, लांबट टोकदार बॉल, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर अजून चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्याकडे. बॉल घेऊन गर्दीतून पळणाऱ्याला म्हणतात रनिंग बॅक. आणि आपला हीरो हाच होता, रनिंग बॅक.

नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. जन्म २७ जानेवारी १८९४, शिकागो. गुलामीविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांच्या नावावरून आईवडिलांनी हे नाव ठेवलं. वडील न्हावीकाम करायचे, आई शिवणकाम. गल्लीत जर्मन कुटुंबं बरीच, त्यांनी पोराला 'फ्रिट्झ' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

अंगानं हा अगदी किरकोळ. उंची पाच फूट नऊ इंच, वजन साधारण ७५ किलो. पण पळायला लागला की सापडायचा नाही. ब्राऊन युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकता शिकता तो टीममध्ये आला. १ जानेवारी १९१६ ला ब्राऊनची टीम कॅलिफोर्नियात रोझ बोल खेळली आणि पोलार्ड त्या मॅचमध्ये उतरणारा पहिला ब्लॅक खेळाडू ठरला. मैदानात चिखल, त्याचं पळणं काही चाललं नाही, ब्राऊन ०-१४ नं हरली. पण त्याच वर्षीच्या पुढच्या सीझनमध्ये ब्राऊननं येल आणि हार्वर्ड दोघांनाही लोळवलं. पोलार्डचं नाव देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत गेलं.

आता ऐकायला भारी वाटतं, पण मैदानात काय व्हायचं बघा. बॉल घेऊन हा खाली पडला की शिट्टी वाजल्यावरसुद्धा समोरचे खेळाडू मुद्दाम अंगावर उड्या मारायचे. हाडं मोडावीत म्हणून. हेल्मेट चामड्याचं, तेही सक्तीचं नाही. मग पोलार्डनं एक युक्ती पक्की केली. पडला की लगेच उताणा व्हायचा आणि दोन्ही पाय वर करून सायकल चालवल्यासारखे हवेत फिरवायचे. खाली बुटांचे टोकदार खिळे! कोण उडी मारणार?

१९२० मध्ये ओहायोतल्या कँटन शहरात एका कार शोरूममध्ये मीटिंग झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण गाड्यांच्या फूटबोर्डवर बसले. त्या मीटिंगमधून जी लीग जन्मली, तीच १९२२ पासून एनएफएल म्हणून ओळखली जाते. पहिल्याच सीझनमध्ये त्या लीगमध्ये दोन ब्लॅक खेळाडू होते: बॉबी मार्शल आणि आपला पोलार्ड. पोलार्डची टीम ॲक्रन प्रोज. ॲक्रन म्हणजे टायर बनवणाऱ्यांचं शहर, गुडइयर आणि फायरस्टोनचं गाव. आठ विजय, तीन बरोबरी, एकही हार नाही. पहिली चॅम्पियन टीम हीच.

आणि पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, ॲक्रननं त्याला एल्गी टोबिनसोबत सह-कोच केलं. त्या काळी कोच म्हणजे बहुतेक वेळा टीममधलाच एखादा खेळाडू. स्वतः पळायचं पण, आणि चाली पण आपणच ठरवायच्या. जरा विचार करा, ज्या देशात अनेक ठिकाणी ब्लॅक माणसाला हॉटेलात खोली मिळत नव्हती, तिथे एक ब्लॅक माणूस गोऱ्या खेळाडूंना कुठे उभं राहायचं ते सांगत होता. आणि ते ऐकत होते, कारण टीम जिंकत होती.

त्यानं आणखी एक गोष्ट केली. दार उघडलंच आहे तर स्वतःसोबत दुसऱ्यांनाही आत आणलं. ॲक्रनमध्ये त्याच्यासोबत खेळायला आला पॉल रॉबसन, पुढे जगप्रसिद्ध गायक आणि नट झालेला. रॉबसन तेव्हा कोलंबिया युनिव्हर्सिटीत कायदा शिकत होता. हो, तीच कोलंबिया, जिथून काही वर्षं आधी बाबासाहेब शिकून गेले होते. १९२२ मध्ये पोलार्ड आणि रॉबसन दोघंही मिलवॉकीच्या टीमकडून खेळले.

१९२६ नंतर मात्र पोलार्ड लीगमध्ये दिसत नाही. आणि हळूहळू बाकीचेही दिसेनासे झाले. १९३४ ते १९४५, तब्बल बारा सीझन, एनएफएलमध्ये एकही ब्लॅक खेळाडू नव्हता. गंमत म्हणजे असा नियम कुठेही लिहिलेला नाही. ना ठराव, ना सही. मालकांनी फक्त घेणं बंद केलं. मंदीचा काळ होता, 'गोऱ्यांच्या नोकऱ्या आधी' ही हवा होती. आणि वॉशिंग्टन टीमचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर इतका अडून बसला की त्याच्या टीममध्ये पहिले ब्लॅक खेळाडू १९६२ ला आले, तेही सरकारनं स्टेडियमवरून दम दिल्यावर.

पोलार्ड गप्प बसला का? अजिबात नाही. लीग घेत नाही ना, मग आपली टीम काढू! १९२८ मध्ये शिकागोत ब्लॅक खेळाडूंची टीम उभी केली, गावोगाव फिरून मॅचेस खेळवल्या. १९३५ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 'ब्राऊन बॉम्बर्स' टीमचा कोच झाला. सोबत वर्तमानपत्र चालवलं, गुंतवणुकीची कंपनी काढली, ती मंदीत बुडाली, मग सिनेमा आणि संगीताच्या धंद्यात शिरला. त्याचा मुलगा फ्रिट्झ ज्युनियर यानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ११० मीटर हर्डल्समध्ये ब्राँझ मेडल जिंकलं.

१९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनं केनी वॉशिंग्टनला घेतलं आणि खेळाडूंसाठी दार पुन्हा उघडलं. पण कोचचं दार? ते बंदच. इथे नीट लक्ष द्या, कारण हा भाग आपल्या ऑफिसांनाही लागू आहे. ब्लॅक खेळाडूंना धावायच्या, धडकायच्या जागा मिळायच्या. क्वार्टरबॅकसारखी 'डोकं लागतं' असं समजली जाणारी जागा शक्यतो नाही. मग कोच निवडताना म्हणायचं, "यांच्याकडे टीम चालवायचा अनुभव कुठे आहे?" अनुभव द्यायचा नाही आणि मग अनुभव नाही म्हणून नाकारायचं. वर सगळी भरती ओळखीतून.

११ मे १९८६ ला, वयाच्या ९२ व्या वर्षी पोलार्ड गेला. तोपर्यंत एनएफएलमध्ये दुसरा ब्लॅक हेड कोच झालेला नव्हता. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये रेडर्सनं आर्ट शेलला हेड कोच केलं. तोही त्याच टीमचा जुना खेळाडू, पंधरा सीझन खेळलेला. बातम्यांमध्ये 'आधुनिक काळातला पहिला' असे शब्द होते. त्या 'आधुनिक' शब्दामागे पोलार्ड लपला होता.

२००३ मध्ये 'रूनी रूल' आला: हेड कोच निवडताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. त्याच वर्षी डेट्रॉइट लायन्सनं तो पाळला नाही म्हणून २ लाख डॉलर दंड झाला. त्याच काळात समान संधीसाठी जी संघटना उभी राहिली, तिचं नाव फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स. २००७ च्या सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे कोच ब्लॅक होते, टोनी डंजी आणि लव्ही स्मिथ. डंजी जिंकला. डंजीही आधी एनएफएल खेळलेला.

म्हणजे सगळं छान झालं? तसं नाही. २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या कोचनं लीगवर केस टाकली. त्याचा आरोप असा की नाव आधीच ठरलेलं असतं आणि मुलाखत फक्त नियमापुरती घेतात. इंटरव्ह्यू दिलेल्या कुणालाही ही भीती ओळखीची वाटेल.

पोलार्डला एनएफएलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती २००५ मध्ये, मरणानंतर १९ वर्षांनी. त्याच्या गोष्टीतून मला एक कळतं. एकदा 'पहिला' आला म्हणजे मागून बाकीचे आपोआप येतील, असं आपण धरून चालतो. इथे पहिला आला, चॅम्पियन झाला, कोच झाला, आणि तरीही दार पुन्हा लावून घेतलं गेलं. कुणी कडीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. त्यामुळे पुढच्या वेळी 'पहिला' अशी हेडलाइन वाचली, की दुसरा कधी आला तेही शोधा.

आजच्यासाठी एवढंच. एपिसोड आवडला तर क्रिकेटपलीकडे न बघणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा.