द्विभाषिक माध्यमिक शिक्षण : पारोळा आणि खानदेश

देशी अभ्यासक्रम व आंतरराष्ट्रीय पदविका यांची दोन भाषांतून सांगड घालणारी पद्धती. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची दोन वर्षांची पदविका हे अशा पदविकेचे ठळक उदाहरण. महाराष्ट्रात मुळशीजवळचे महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज (१९९७) ती देते. जळगाव जिल्ह्यातील पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी या कल्पनेचे जवळचे रूप म्हणजे सेमी-इंग्रजी वर्ग : गणित-विज्ञान इंग्रजीतून, उरलेले विषय मराठीतून. ही विभागणी सोयीची असली तरी अपुरी वाटते. विज्ञानाचा विचार एका भाषेत आणि इतिहासाचा दुसऱ्या भाषेत झाला, तर कोणतीच भाषा पूर्ण कमावली जात नाही. त्यातही खानदेशातील अनेक घरांत अहिराणी बोलली जाते. म्हणजे मुलाला शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी.

बरेचसे उच्च शिक्षण इंग्रजीत असल्याने मराठीचा आग्रह मुलांना मागे ठेवतो, हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कारण याच आंतरराष्ट्रीय पदविकेत दोन भाषांचे साहित्य प्रथम भाषेच्या पातळीवर उत्तीर्ण होणाऱ्यास द्विभाषिक पदविका मिळते. खर्चाचा आक्षेप मात्र अधिक वजनदार. ही पदविका मुख्यतः महागड्या खासगी शाळांतच राहिली आहे. सरकारी वाट महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाने काढून पाहिली. २०१८ पासून जिल्हा परिषदेच्या निवडक शाळा त्याला जोडल्या गेल्या. सरकार बदलल्यावर मंडळच बंद झाले आणि शाळा राज्य मंडळाकडे परतल्या.