आजोबा चिनी असले की पुरे

आमच्याकडची म्हातारी माणसं बासष्टच्या चीनयुद्धाची गोष्ट सांगायला लागली की आधी पाटल्या निघतात. आजीने संरक्षण निधीला दिलेल्या दोन. मग कृष्ण मेनन कसे गेले, यशवंतराव दिल्लीला कसे गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री कसा धावला, सगळं ठसक्यात. दंतवैद्याची गोष्ट मात्र खोदून विचारल्याशिवाय कुणी काढत नाही.

माझगावला आमच्या आजोळच्या चाळीजवळ एक चिनी दंतवैद्य होता. "बरा होता गं तो," आजी म्हणायची. कवळीचे पैसे हप्त्याने घ्यायचा. लढाई लागली आणि तो रात्री बिनतारी यंत्रावरून पेकिंगला बातम्या पाठवतो अशी आवई उठली. त्याच्या घरात साधा रेडिओही नव्हता, हे खेटे घालणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. तरी एका सकाळी त्याच्या पाटीला डांबर फासलेलं होतं. मामा सांगतो, पोरं आमच्याच चाळीतली. पुढे त्याला पोलिसांत हजेरी लागली आणि एक दिवस दुकानाला कुलूप. कुठे गेला? "गेला," एवढंच मामा म्हणतो.

ही माणसं काल-परवा आलेली नव्हती. माझगावचं चिनी देऊळ १९१९चं. हुबेईकडचे लोक दात बसवायचे, शानतुंगचे रेशमाचे गठ्ठे घेऊन दारोदार फिरायचे, कलकत्त्याच्या टांगऱ्यात हक्का लोकांचे चामड्याचे कारखाने होते. आसामातल्या चहामळ्यांवर आलेल्या चिनी मजुरांच्या नातवंडांना तर आसामीच येई. पण १९६२च्या नव्या कायद्याने आई-बाप सोडाच, आजी-आजोबांपैकी एक जरी शत्रुदेशाचा असला तरी माणूस परका ठरवता येऊ लागला. आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडून सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. आठवडाभराचा रेल्वेप्रवास, वाटेत स्टेशनांवर लोकांनी दगड मारल्याचं त्यातून वाचलेले सांगतात. हीच देवळी, जिथे इंग्रजांनी जयप्रकाश आणि डांग्यांना डांबलं होतं. जागा आपल्याला आयतीच मिळाली.

भीती खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. तेजपूर रिकामं होत होतं, जवान गोठून मरत होते. पण २१ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली आणि छावणी मात्र १९६७पर्यंत चालू राहिली. तेव्हा ती भीती कसली, याचं उत्तर मला कुठल्याच वडीलधाऱ्याकडून मिळालेलं नाही. १९६३मध्ये काही हजार लोकांना बोटीत बसवून चीनला धाडलं. त्यांतल्या कित्येकांनी तो देश पाहिलाही नव्हता. जे सुटून परतले त्यांतल्या अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली.

आणि आमचंच सोलापूर! इथले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा चित्रपट आजीने पाहिला होता, रडलीही होती. पाटीवर डांबर फासलं तेव्हा ती काय म्हणाली, असं मी विचारलं. "काय म्हणणार? दार लावून घेतलं."

देवळीतून सुटलेले पुष्कळजण कॅनडात टोरांटोला जाऊन राहिले. भारत सरकारने माफी मागावी, एवढंच त्यांचं मागणं आहे. ती अद्याप कोणत्याही सरकारने मागितलेली नाही.