हिशेबतपासनिसाची उमेदवारी

दुसऱ्याने लिहिलेला हिशेब तपासून त्यावर आपली निशाणी करणे हा मराठी मुलखातला जुना धंदा आहे, आणि त्यात दक्षिण कोकणातल्या माणसांचा वाटा पूर्वीपासून मोठा. सावंतवाडीच्या मुलखात गावचा जमाखर्च कुळकर्णी लिहीत. पण जमीन थोडी, वतन एक आणि वाटेकरी अनेक, अशी बहुतेक घराण्यांची गत. ज्याचे अक्षर चांगले आणि बेरीज पक्की, त्याला घाट चढून देशावर जाण्यावाचून मोठी वाट नव्हती.

त्या वाटेने सर्वांत उंच गेलेला माणूस म्हणजे रामचंद्र मल्हार सुखटणकर, इतिहासातला रामचंद्रबाबा शेणवी. वाडीच्या सावंतांच्या मुलखातल्या आरवलीचा तो कुळकर्णी. हे आरवली म्हणजे आज वेंगुर्ले तालुक्यात असलेले वेतोबाचे गाव. पहिल्या बाजीरावाच्या काळात तो पेशव्यांच्या नजरेत भरला, पुढे राणोजी शिंद्यांचा दिवाण झाला. शिंद्यांकडून सुटल्यावर त्याने सदाशिवरावभाऊला कारभाराचे आणि हिशेबाचे धडे दिले. 1750 मध्ये भाऊने पेशव्यांच्या कारभारीपदावर हक्क सांगितला, तेव्हा त्याच्या पाठीशी हाच आरवलीकर होता. भाऊची हिशेबातली करडी नजर पुढे प्रसिद्ध झाली, तिच्यामागे हे शिक्षण होते. रामचंद्रबाबा 1754 मध्ये वारला. गावकुळकर्ण्याने दिवाणगिरीपर्यंत मजल मारावी हे त्या काळात अशक्य नव्हते. नेहमीचे मात्र नव्हते.

ज्या व्यवस्थेत अशी माणसे वाढली तिचे मूळ शिवकाळात आहे. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. हुकमत हवालदाराची, हजिरी आणि जमाखर्च सबनिसाकडे, धान्य-सामानाची कोठारे कारखानिसाकडे. कोणा एकट्याच्या हाती सगळा कारभार जाऊ नये अशीच ही वाटणी होती. राज्याच्या पातळीवर जमाखर्च तपासण्याचे काम मुजुमदाराचे, म्हणजे अमात्याचे.

पेशवाईत हेच तत्त्व जिल्ह्यात उतरले. मामलेदाराच्या शेजारी दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार बसत. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, कारण त्यांची नेमणूक वरून होई आणि बहुधा वंशपरंपरेने चाले. त्यांच्या निशाणीवाचून हिशेब पुरा होत नसे, आणि मामलेदाराने काही दडवले तर वर कळवणे त्यांचे कामच होते. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या मर्जीवर तपासनिसाची भाकरी अवलंबून नसावी, हा आजच्या ऑडिटचा पहिला नियम येथे कोणत्याही कंपनी कायद्याच्या आधीपासून चालत होता.

पुण्याचे हुजूर दफ्तर म्हणजे या कारभाराचे मुख्य ठाणे. नानासाहेब पेशव्याच्या काळात त्याला शिस्त लागली आणि नाना फडणिसाच्या हाताखाली ते भरभराटीस आले. त्या वेळी तेथे सुमारे 200 कारकून होते. फडणिसाच्या थेट देखरेखीखाली फड असे. सनदा तेथून निघत, येणारे हिशेब तेथे तपासले जात आणि रोजकीर्द तेथे लिहिली जाई. बेहेड्याकडे पुढच्या सालचा जमाखर्चाचा अंदाज, सरंजामाकडे जहागिरींचे हिशेब. एकबेरीज दफ्तरात या सगळ्याची खतावणी होऊन साल-दरसालचे गोषवारे तयार होत. एखाद्या कमाविसदाराने पाच सालांपूर्वी काय भरले, हे तेथे कागद काढून सांगता येई. दोनशे माणसांचे हे दफ्तर त्या काळातली एक मोठी ऑडिट फर्मच होती, फक्त तिला गिऱ्हाईक एकच होते.

अशा दफ्तरात शिरण्याचा दरवाजा म्हणजे उमेदवारी. नात्यातला किंवा ओळखीचा मुलगा एखाद्या कारकुनाच्या मागे बसे, मोडी वळण घटवी, कित्ते गिरवी, नकला करी, बेरजा ताडून पाही. पगार नसे. जागा रिकामी झाली आणि वरच्याची मर्जी असली, तर नाव हजिरीत चढे. शिकवणाऱ्याला फुकट हात मिळे, शिकणाऱ्याला धंदा मिळे, आणि घरच्यांना दोन-चार वर्षे पोरगा पोसावा लागे. म्हणून ज्याचे घर हे ओझे पेलू शकत नाही त्याचा मुलगा दारातच थांबे. ही पद्धत गुणी मुलाला हेरत नसे असे नाही, पण आधी ती त्याची ओळख विचारी.

वरच्या टोकाला तर दरवाजा जवळपास बंदच. नाना फडणीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, 1742 साली जन्मला. 1756 मध्ये वडील वारले आणि चौदाव्या वर्षीच फडणिशी त्याच्याकडे आली. त्याने ती असामान्य ताकदीने चालवली हा पुण्याचा योग. पण जन्माने मिळालेले पद सांभाळायला प्रत्येक पिढीत नाना जन्मत नाही. शिवाय व्यवस्था भक्कम असूनही मालकाच्या इच्छेपुढे ती टिकली नाही. दुसऱ्या बाजीरावाने महाल जास्त बोली बोलणाऱ्याला मक्त्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा दरकदारांना अडगळीत टाकणे सोयीचे ठरले. दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकून कमी झाले आणि कागद गहाळ झाले. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टनच्या अधिकाऱ्यांनी उरलेल्या कागदांचा मेळ घालायला घेतला, तेव्हा ही पडझड त्यांच्या नजरेस आली.

सावंतवाडीचा कारभार 1838 मध्ये इंग्रजांनी हाती घेतला आणि संस्थानावर पोलिटिकल सुपरिंटेंडेंट आला. मुंबई इलाख्यातल्या कचेऱ्यांतून तेव्हा जी शिडी रूढ होत होती, ती उमेदवार, कारकून, अव्वल कारकून, मामलेदार अशी होती. बिनपगारी उमेदवारी येथेही टिकली, कचेरीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे जागेची वाट पाहणारे उमेदवार असतच. फरक पडला तो खात्याच्या परीक्षांमुळे. वर चढायला आता निव्वळ मर्जी पुरेना. गावकीचे हिशेब सालातून एकदा जमाबंदीच्या वेळी तपासले जात, आणि त्या दिवसांत कुळकर्ण्यांचा जीव टांगणीला लागे. मुंबई राज्यात कुळकर्णी वतने कायद्याने 1951 मध्ये संपली आणि लेखणी तलाठ्याच्या हाती गेली. त्याआधीच, 1948 मध्ये, सावंतवाडी संस्थान विलीन झाले होते.

दरम्यान घाटाची वाट मागे पडून वेंगुर्ल्याच्या बंदरातून मुंबईची आगबोट धरण्याची रीत पडली होती. गिरण्या, पेढ्या, विमा कंपन्या आणि बँका यांना हिशेबाचे हात हवे होते. 1913 च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब तपासून घेणे सक्तीचे केले, तेव्हा तपासणारे बव्हंशी इंग्रज होते. त्याच साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले, आणि 1918 मध्ये अकाउंटन्सी डिप्लोमा बोर्डाने जी.डी.ए. ही परीक्षा सुरू केली. तिच्यासाठी मान्यताप्राप्त अकाउंटंटाकडे तीन वर्षे ‘आर्टिकल’ राहावे लागे. 1932 च्या नियमांनी रजिस्टर्ड अकाउंटंट ही पदवी आली, आणि 1 जुलै 1949 रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा अमलात आला.

आर्टिकलशिप हा विलायती करार, पण कारकुनाच्या मागे बसणाऱ्या मुलाला त्यात अनोळखी असे फार थोडे होते. सुरुवातीची काही दशके तर उमेदवाराकडूनच प्रीमियम घेतला जाई. पेशव्यांच्या फडानेही ही मजल मारली नव्हती. नंतर चार्टर्ड अकाउंटंटांच्या इन्स्टिट्यूटने प्रीमियम बंद करून किमान विद्यावेतन ठरवले. काम मात्र तेच, व्हाउचर आणि नोंद ताडून पाहणे, बेरजा तपासणे, टिक मारणे, 31 मार्चला गोदामात उभे राहून माल मोजणे. एप्रिल उजाडला की बँकांच्या शाखांचे ऑडिट येते, आणि मुंबई-पुण्याच्या फर्ममधली पोरे कोकणातल्या शाखांपर्यंत पोचतात. पहिले वर्ष उलटल्यावर गुरू बदलणे सोपे नाही, त्यामुळे गुरू कसा मिळाला यावर बरेच काही ठरते.

मोठ्या फर्ममध्ये आर्टिकल, सीनियर, मॅनेजर आणि पार्टनर अशी चढण असते. परीक्षेने तळाचा दरवाजा उघडला, कुणाचा मुलगा हे विचारणे तेथे बंद झाले. शिखरावर मात्र बराच काळ कायद्याचेच कुलूप होते. 1956 च्या कंपनी कायद्यानुसार कोणत्याही भागीदारीत 20 पेक्षा जास्त भागीदार घेता येत नसत, म्हणून मोठ्या पेढ्या वेगवेगळ्या नावांच्या अनेक फर्म चालवत. मुंबईच्या ए. एफ. फर्ग्युसन, एस. बी. बिलिमोरिया आणि सी. सी. चोक्सी या जुन्या फर्म डेलॉइटच्या गोटात गेल्या. 2013 च्या कायद्याने भागीदारांची मर्यादा सैल केली. त्याच कायद्याने शेअर बाजारात सूचिबद्ध आणि इतर मोठ्या कंपन्यांना एकच ऑडिट फर्म दहा वर्षांहून जास्त ठेवायला बंदी घातली. दरकदाराची जागा पक्की करून पेशव्यांनी जे साधायचा प्रयत्न केला, ते आता तपासनिसाला ठरावीक काळाने हलवून साधले जाते. या दोन्ही उपायांची कसोटी एकच. तपासनिसाने नको ते लिहिले, तर त्याचे काय होते?

आरवलीच्या कुळकर्ण्याचा काळ सरून पावणेतीनशे वर्षे होत आली. सावंतवाडीच्या मुलाला आता आर्टिकल राहायला मुंबईच गाठावी लागते असे नाही, जिल्ह्यात आणि गोव्यात चार्टर्ड अकाउंटंट आहेत. बड्या फर्मची उमेदवारी हवी असेल, तर मात्र मुंबई किंवा पुणे चुकत नाही. 1 जुलै 2023 पासून आर्टिकलशिपचा काळ तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे.