कर्कटक आणि स्पिटफायर

कंपासपेटीतला कर्कटक घ्या. त्याचे पाय चांगले फाकवून एक टोक वहीच्या पुठ्ठ्यात रुतवा आणि दुसरे टोक बोटाने हलकेच आत ढकला. ढकलतो आपण आडवे, पण बिजागर वर उचलले जाते. आणखी ढकला, आता ते आधीपेक्षा सहज वर जाते.

इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कारखान्याने १९६२ साली काढलेली ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार वेगात वळताना नेमके हेच करी. १९५९ च्या ‘हेरल्ड’ या घरगुती गाडीचे बरेच भाग तिच्यात वापरले होते. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र अर्धा ॲक्सल होता. चाक त्याला घट्ट काटकोनात बसवलेले, आणि सांधा फक्त आतल्या टोकाला, डिफरन्शियलजवळ. वर एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग. ही कल्पना जुनीच. एडमुंड रुम्प्लरने १९०३ साली तिचे पेटंट घेतले होते. स्वस्त आणि हलकी म्हणून फोक्सवॅगनच्या ‘बीटल’नेही ती उचलली.

वळताना रस्ता बाहेरच्या चाकाला आत ढकलतो. सांधा जवळजवळ चाकाच्या मध्याइतका उंच असल्याने त्या जोराच्या साधारण निम्म्याइतका जोर गाडीला वर उचलतो. आतले चाक तिला खाली ओढते खरे, पण वळणावर भार बाहेरच्या चाकावर गेलेला असतो, म्हणून उचल जिंकते. गाडी उचलली की चाक पोटाखाली दुमडू लागते, टायर कडेवर टेकतो आणि पकड जाते. घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की भार पुढे सरकून मागची बाजू आणखी उचलली जाते. सावध माणूस सहज जे करील तेच इथे घातक ठरे.

गॅरेजमध्ये काय करता येई? पाट्यांखाली ठोकळा घालून किंवा पाटे सपाट करून मागची बाजू खाली आणायची, म्हणजे चाके माथ्याकडे आत कलतात. मग पातळ पत्र्याच्या चकत्या घालून किंवा काढून ती समांतर आहेत की किंचित आत वळलेली, ते जुळवायचे. गंमत म्हणजे जुने पाटे थकून बसले की गाडी थोडी सुधारे, आणि नवे कोरे पाटे घातले की दुखणे परत येई. अलाइनमेंटने त्रास कमी होई. सांध्याची उंची मात्र तशीच राही.

१९६६ साली याच सांगाड्यावर दोन लिटरचे इंजिन बसवून ‘जीटी-६’ निघाली. जादा ताकदीने दोष उघडा पडला, टीका झाली. १९६८ साली तिला मागे खालून वेगळी दांडी आणि रबरी जोड मिळाले, त्यामुळे चाक दुमडणे थांबले. पण हे महाग होते.

१९७० च्या स्पिटफायरमधली दुरुस्ती आम्हाला जास्त आवडते. पूर्वी सगळे पाटे मधोमध आवळलेले असत. आता फक्त सर्वांत खालचा पाटा पक्का ठेवला, बाकीचे तराजूच्या दांडीसारखे झुलू दिले. दोन्ही चाकांवर भार आला तर स्प्रिंग तो पेलते; गाडी एका अंगाला कलली तर नुसती झुलते. त्यामुळे मागच्या बाहेरच्या चाकावर एकवटणारा भार कमी झाला, आणि उचलही. कलण्याला आवरण्याचे काम पुढच्या जाड केलेल्या दांडीवर सोपवले. १९७३ साली जीटी-६ नेही महाग रचना सोडून हीच घेतली. फक्त पाटे मोकळे करायला आठ वर्षे का लागावीत, हा प्रश्न मात्र उरतोच.

हेरल्ड भारतातही आली. १९६१ पासून ती मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनू लागली. इथल्या ग्राहकांना आणि मेकॅनिकांना तो झुलता ॲक्सल फारसा रुचला नाही. १९७२ च्या ‘गझेल’मध्ये तो काढून सरळ अखंड ॲक्सल बसवला. त्यात एका चाकाखाली दगड आला की दोन्ही चाके कलतात, पण वळणावर ती पोटाखाली जात नाहीत.