निर्वासिताचे मत : पिंपरीची वसाहत आणि पॅलेस्टाइन

१९४७-४८ या काळात दोन निरनिराळ्या भूभागांतील माणसे एकाच प्रकारच्या आपत्तीत सापडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वसाहत पुण्याजवळ पिंपरी येथे वसली. तो भाग आजही ‘पिंपरी कॅम्प’ याच नावाने ओळखला जातो. याच सुमारास पॅलेस्टाइनमधील सुमारे सात लाख अरब आपल्या गावांना पारखे झाले. छावणीतील हाल दोन्हीकडे होते. तथापि थोड्याच वर्षांत पहिला समूह मतदार झाला. दुसऱ्याच्या फार मोठ्या भागास मताविना राजकारण करावे लागले. या भेदाचे कारण शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या मतदारयाद्यांचे काम भारतात संविधान पूर्ण होण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, हाती घेण्यात आले. मतदारास १८० दिवसांच्या वास्तव्याची अट होती. ती निर्वासितांस लागू केली असती, तर लक्षावधी नावे गळाली असती. यास्तव अमुक गावी कायम राहण्याचा आपला इरादा आहे, एवढे निर्वासिताने जाहीर केले तरी त्याचे नाव यादीत घ्यावे, असे ठरले. अंमलबजावणी सर्वत्र सुरळीत झाली असे नव्हे; आसामात निर्वासितांच्या संघटनांना नोंदणीसाठी झगडावे लागले. पुढे संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने अशा आगतांचे नागरिकत्व निश्चित केले. मात्र या औदार्यास मर्यादाही होती. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यास परतावयाचे असल्यास सातव्या अनुच्छेदाने पुनर्वसनाच्या परवान्याची अट घातली. येणाऱ्याचा शब्द ग्राह्य धरला गेला. परतणाऱ्याकडून कागद मागितला गेला.

पॅलेस्टिनी प्रश्नाचे मर्म या परतण्यातच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४८ रोजी १९४ क्रमांकाच्या ठरावाने निर्वासितांच्या परतण्याचे तत्त्व मान्य केले. प्रत्यक्षात ते घडले नाही. एकाच समाजाचे मग अनेक कायदेशीर वर्ग झाले. इस्रायलमध्ये उरलेल्या अरबांस मत होते, परंतु १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता. जॉर्डनने नागरिकत्व दिले. लेबाननने बहुतेकांस दिले नाही. १९६७ नंतर पूर्व जेरुसलेमचे रहिवासी नगरपालिकेस मत देऊ शकत. संसदेस मात्र, नागरिकत्व घेतल्याखेरीज, नाही.

जेथे मतपेटी नाही, तेथे राजकीय अस्मिता अन्य संस्थांतून घडते. १९५९ मध्ये कैरोत स्थापन झालेला पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांचा संघ, १९६४ ची पॅलेस्टाइन मुक्ती संघटना आणि १९८७ च्या उठावातील स्थानिक समित्या यांनी ते कार्य केले. १९९६ व २००६ मध्ये विधिमंडळासाठी मतदान झाले. परंतु ते पश्चिम किनारा, गाझा व पूर्व जेरुसलेम यांपुरतेच होते. बाहेरच्या छावण्यांतील निर्वासितास त्यात स्थान नव्हते. २०२१ ची नियोजित निवडणूक पूर्व जेरुसलेममधील मतदानाचा वाद पुढे करून लांबणीवर टाकण्यात आली.

तेव्हा भेद केवळ राज्यकर्त्यांच्या वृत्तीचा नाही. सिंधी निर्वासितास जेथे तो पोचला तेथील मत हवे होते व ते मिळाले. पॅलेस्टिनी निर्वासिताचा हक्क जे गाव सुटले त्यावर होता. आश्रयभूमीचे नागरिकत्व घेतल्यास तो हक्क दुबळा होईल, ही भीती त्याच्या राजकारणात सतत राहिली. एकाच्या बाबतीत ‘निर्वासित’ हा शब्द वस्तीच्या नावापुरता उरला; दुसऱ्याच्या बाबतीत तीच राजकीय ओळख झाली.

मत कोठले, आलेल्या जागेचे की सुटलेल्या, हा प्रश्न याच पट्ट्यात आज निराळ्या रूपाने उभा आहे. चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कित्येक परगावच्या कामगारांचे नाव गावाकडच्या यादीत असते. कायद्याने सामान्यतः राहत्या ठिकाणी नोंदणी होऊ शकते. पण भाड्याच्या खोलीचा पुरावा जुळविणे व गावाशी असलेला धागा तोडणे ही दोन्ही कामे अवघड असतात. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये योजलेले दूरस्थ मतदानयंत्राचे प्रात्यक्षिक पक्षांच्या आक्षेपांमुळे होऊ शकले नाही. या नागरिकाची तुलना राज्यहीन निर्वासिताशी करणे गैर होईल. त्याचा हक्क कोणी नाकारलेला नाही. परंतु हक्क एकीकडे आणि आयुष्य दुसरीकडे, ही अवस्था त्यासही परिचित आहे. या पार्श्वभूमीवर माणसाच्या साध्या जबानीवर नाव नोंदविण्याचा १९४८ चा निर्णय पुन्हा अभ्यासण्याजोगा ठरतो.