रंगाची दुकानदारी

दुकान म्हटले की दुकानदार आलाच, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. वाण्याच्या दुकानात लिमलेटच्या गोळ्यांची काचेची बरणी असते. तिचे झाकण उघडणारा वाणी असतो. आणि गोळी पोराच्या हातावर पडण्यापूर्वी दोन शब्दांची देवघेव होते. गिऱ्हाईक ओळखणे, त्याला हाक घालणे, मालाची वाखाणणी करणे, प्रसंगी एखादी गोळी वर देणे, ही सारी दुकानदारीचीच अंगे होत. यांतून माणूस काढून घेतला आणि केवळ बरणी मागे ठेवली, तर त्याचे काम कोणी करावयाचे? नाणे टाकले असता गोळ्या-चॉकलेटे देणाऱ्या यंत्रांचा इतिहास पाहिला, म्हणजे हे काम पुष्कळ अंशी रंगाने केले असे आढळून येते.

नाण्यावर चालणारे यंत्र ही कल्पना मात्र खाऊच्या दुकानात जन्मलेली नाही. तिचा जन्म देवळाच्या दारातला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. पाच द्राख्मांचे नाणे पात्रात टाकले की ते आतल्या दांडीच्या टोकावर पडावे, त्याच्या भाराने दांडी कलावी, झडप उघडून हातपाय धुण्यापुरते पवित्र पाणी वाहावे, आणि नाणे घसरून खाली पडताच झडप मिटावी, अशा पात्राचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. या पात्राला गिऱ्हाइकाची मनधरणी करण्याचे कारण नव्हते. येणारा भाविकच होता; त्याचा विश्वास तो घरून घेऊन येत होता.

पुढे अठरा शतकांनंतर या कल्पनेला बाजारात उभे राहावे लागले, तेव्हा प्रश्न पालटला. इ. स. १८८३च्या सुमारास पर्सिव्हल एव्हरिट याची टपालाची कार्डे देणारी यंत्रे लंडनमध्ये आली. इ. स. १८८७ मध्ये इंग्लंडात खाऊ विकणाऱ्या यंत्रांसाठी स्वतंत्र कंपनीच निघाली. त्याच वर्षी जर्मनीत कोलोन येथील श्टोलवेर्क या चॉकलेटवाल्या घराण्याने अशी यंत्रे हाती घेतली, आणि १८९३ पर्यंत त्यांची पंधरा हजार यंत्रे चॉकलेट विकू लागली. न्यूयॉर्कमध्ये १८८८ साली टॉमस ॲडम्स याच्या कंपनीने उन्नत रेल्वेच्या फलाटांवर 'टुटी-फ्रुटी' नावाचा चघळण्याचा गोंद विकणारी यंत्रे उभी केली.

ही यंत्रे पहिल्याने रेल्वेच्या आश्रयाला जावीत, यात नवल नाही. फलाटावरचा माणूस रिकामा असतो, त्याच्या खिशात सुटे नाणे असते, आणि गाडी येईपर्यंतचा वेळ त्याला घालवावयाचा असतो. पण तो घाईतही असतो, आणि यंत्राशी त्याची ओळख नसते. देवळातल्या भाविकाप्रमाणे तो विश्वास बरोबर आणीत नाही. नाणे आधी टाकावयाचे आणि माल मागाहून मिळावयाचा, हा सौदा मुक्या लोखंडाशी करण्यास त्याने का धजावे? तेव्हा यंत्राला दुरून दिसणे भाग होते, आणि जवळ आल्यावर स्वच्छ व भरवशाचे वाटणेही भाग होते. बिडाचे नक्षीदार साचे, त्यांवरील गडद तांबडा वा हिरवा रंग, सोनेरी अक्षरे, ही केवळ हौस नव्हती. ती गैरहजर दुकानदाराची हाक होती.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची उमेद बदल्यांच्या फेऱ्यांत आणि जंक्शनांवर गाड्यांची वाट पाहण्यात सरली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या रेल्वेस्थानकांवरील वजनाचे यंत्र त्यांनी पाहिलेले आहे. बऱ्याच स्थानकांवरून ते आता हटले आहे. पण एके काळी त्याची रंगीत चक्रे गरगर फिरत, लहान लहान दिवे लागत-विझत, आणि नाणे टाकल्यावर पडणाऱ्या जाड तिकिटावर एका बाजूस वजन तर दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले असे. वजन करण्याला दिव्यांची वा चक्रांची काडीमात्र आवश्यकता नव्हती. आवश्यकता होती ती जाणाऱ्याचे पाऊल थांबविण्याची. खाऊच्या यंत्रांचाही कारभार असाच चालला.

हा कारभार अमेरिकेत फार लांबवर गेला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील पल्व्हर कंपनीने १८९७ साली आपल्या गोंदाच्या यंत्रांत हलत्या बाहुल्या बसविल्या. नाणे पडताच बाहुली हालचाल करी आणि माल खाली येई. अशा यंत्रांच्या पत्र्यावर साध्या रंगाऐवजी चिनी मातीसारखी चमकणारी मिन्याची झिलई देण्याचा प्रघातही पडला. काचेची रंगीत पूड पत्र्यावर पसरून भट्टीत सुमारे आठशे अंश सेल्सिअस उष्णतेने ती वितळविली, म्हणजे ती पत्र्याशी एकजीव होते. हा रंग उन्हाने विटत नाही. मात्र टोला बसला तर त्याचा टवका उडतो आणि तेथून गंज शिरतो. १९०७च्या सुमारास साखरेचा मुलामा दिलेल्या गोंदाच्या गोल गोळ्या निघाल्या. आता मालच रंगीत झाला. तो दिसावा म्हणून यंत्राच्या माथ्यावर काचेचा गोल आला. वाण्याची बरणी अशा रीतीने यंत्राच्या डोक्यावर जाऊन बसली. नाणे हीच तिची किल्ली झाली. नाणे घालून मूठ फिरविली की आतले खाचांचे चाक एक घर पुढे सरकते आणि एक गोळी निसटते. कोणत्या रंगाची निसटेल ते सांगता येत नाही, आणि मुलांचे सारे सुख या अनिश्चिततेत असते.

प्रत्येक यंत्राचे आयुष्य मात्र मर्यादित होते. नाण्यांची किंमत घसरली, एका सेंटात काही मिळेनासे झाले, आणि जुनी यंत्रे कोठारांत, भंगारात व तळघरांत जाऊन पडली. तेथून या इतिहासाचा दुसरा आणि अधिक चमत्कारिक अध्याय सुरू होतो. अमेरिकेत अशी यंत्रे विकत घेऊन, खोलून, नव्याने रंगवून पुन्हा विकण्याचा एक लहानसा व्यवसाय चालतो. भाग सुटे करावयाचे, जुना रंग व गंज उतरवावयाचा, अस्तराचा हात द्यावयाचा आणि मग गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंग चढवावयाचा, असा त्याचा क्रम आहे. कोणाला आपल्या खेळाच्या संघाचे रंग हवे असतात, कोणाला दिवाणखान्याच्या पडद्यांशी जुळणारा. अलीकडे ओल्या रंगाऐवजी विद्युत्भारित भुकटी धातूवर उडवून ती भट्टीत सुमारे दोनशे अंशांवर भाजण्याची रीतही वापरतात. जे विकण्यासाठी जन्मले, तेच आता विकले जाते. पूर्वी रंग गोळी खपवीत असे; आता तो यंत्रच खपवतो.

या व्यवसायास आम्ही हलके लेखत नाही. भंगारात जाणारी वस्तू हाताच्या कष्टाने पुन्हा चालती करणे हे पुण्यकर्म आहे. तथापि तेथे दोन गोष्टींचा विसर पडता कामा नये, आणि त्या दोन्ही जुन्या रंगाच्या थरांत दडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट शिशाची. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जो तांबडा अस्तराचा रंग पूर्वी सर्रास देत, तो शिशाचा प्राणिद असून आपला पारंपरिक शेंदूरही जातीने तोच आहे. जुन्या चकचकीत पिवळ्या रंगातही पुष्कळदा शिसे असे. अमेरिकेने १९७८ साली घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली. आपल्याकडे २०१६ साली नियम होऊन नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भाग शिसे ही मर्यादा लागू झाली. त्यापूर्वीचे यंत्र कोरडे घासले, तर उडणारी धूळ घासणाऱ्याच्या छातीत आणि घरातील लहान मुलांच्या पोटात जाते. आणि शिशाचा सर्वांत मोठा घाव मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो. मुलांना भुलविण्यासाठी चढविलेला रंग शंभर वर्षांनी मुलांनाच बाधावा, हा दैवदुर्विलास नव्हे तर केवळ निष्काळजीपणा होय. जाणते कारागीर असा रंग ओला ठेवून किंवा द्रावणाने सोडवतात आणि त्याची धूळ होऊ देत नाहीत.

दुसरी गोष्ट सत्याची. जुन्या लेपाखाली काय असते, हे महाराष्ट्राने २०२२ साली वणीच्या सप्तशृंगगडावर पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदराचा जाड थर त्या वर्षी उतरविण्यात आला आणि भगवतीचे मूळ रूप भाविकांच्या दृष्टीस पडले. आम्ही येथे दैवताची तुलना यंत्राशी करीत नाही. तुलना लेपाची आहे. लेप जपतोही आणि झाकतोही. जुन्या यंत्रावर मूळची झिलई टवके उडूनही शिल्लक असेल, तर तिच्यावर नवा रंग फासल्याने वस्तू सुंदर होईल, परंतु तिची साक्ष नाहीशी होईल. म्हणून जाणकार संग्राहक नव्या चकाकीपेक्षा मूळच्या डागाळलेल्या पृष्ठभागास अधिक मोल देतात. याउलट गंजाने खाल्लेल्या, मूळ रंग पार उडालेल्या यंत्रास नवा रंग देण्यात कोणतीही हानी नाही. हानी आहे ती नवा रंग जुना म्हणून विकण्यात, किंवा काल ओतलेल्या साच्यावर मुद्दाम खरचटे काढून त्याचे वय वाढविण्यात.

सरकारी बंगल्यात राहिलेल्यांना भिंतींवरील चुन्याचे थर परिचित आहेत. प्रत्येक नवा अधिकारी चुना काढून घेतो, आणि पोपडा सुटला की मागच्या बिऱ्हाडाचा निळसर हात दिसतो. त्या चुन्याने कोणाची फसवणूक होत नाही, कारण आपल्या आधी येथे कोणी राहून गेले हे कोणी लपवीत नाही. यंत्र रंगवून विकणाऱ्यानेही एवढेच पाळावे. 'यंत्र जुने, रंग आमचा' हे चार शब्द त्याने गिऱ्हाइकास सांगावेत. ज्या वस्तूने अनोळखी माणसाकडून आधी नाणे घेऊन मागाहून न चुकता गोळी दिली, तिच्या विक्रीत एवढी सचोटी असणे उचित होय. दुकानदाराच्या गैरहजेरीत रंगाने शंभर वर्षे त्याचा शब्द राखला. आता दुकानदार परत आला आहे. शब्द राखण्याची पाळी त्याची आहे.