रूट कॅनाल: दुखणं थांबलं म्हणजे दात बरा झाला का?

रात्रभर ठणकणारा दात अचानक शांत झाला, तरी निर्धास्त होऊ नका. कीड आत नसेपर्यंत पोहोचली की नस सुजते आणि कळा येतात. पुढे नस मरते, दुखणं थांबतं. पण जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी हाडात पसरू शकतो. नुसत्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही, कारण मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच नसतो.

रूट कॅनालमध्ये जागा बधिर करून ही नस काढतात. मुळांमधल्या बारीक नळ्या साफ करून गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतात. नंतर काही दिवस चावताना थोडं दुखू शकतं.

अनेक जण इथेच थांबतात. पण कमकुवत झालेली दाढ चावताना तडकू शकते. म्हणून तिच्यावर डॉक्टरांनी सांगितलेली कॅप वेळेत बसवून घ्या.